काचेवरचं कुंकू

पिंपरीच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते. प्राचीन रोमचा पेपर कुणालाच नको असतो, म्हणून तो वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात आहे. मुलं विचारतात, मॅडम, स्पर्धा परीक्षेला याचा काही उपयोग? मी चिडते. मला चिडायला फारसं काही लागत नाही, हे घरचेही सांगतील. पण त्या पेपरात एक प्रकरण असं आहे की ते सुरू झालं की मागच्या बाकावरचे मोबाइलसुद्धा खाली जातात. सुरुवातीचे ख्रिस्ती आणि रोमन राज्य.

मुलांना वाटतं, आता ख्रिस्त्यांवर सोडायला सिंह येणार. मी सांगते, सिंह फार नंतर. आधी येतो चिमूटभर धूप. रोमन लोकांना कुणाच्या देवाचं वावडं नव्हतं. त्यांच्याकडे देवांची रेलचेल होती, त्यात आणखी एकाची भर पडली तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की बादशहाच्या मूर्तीपुढे सगळ्यांबरोबर तूही चिमूटभर धूप टाक. मनात काय आहे ते आम्ही विचारत नाही. देव राजी राहिले तर पाऊसपाणी नीट, सैन्य नीट, शहर नीट. एकाने हात आखडला आणि देव कोपले, तर भोगायचं सगळ्यांनी. म्हणून मग नदीला पूर आला, रोगाची साथ आली, की लोक आधी शोधायचे तो धूप न टाकणाऱ्याला.

हे सगळं मी खडू हातात धरून, अगदी कोरडेपणाने शिकवत आले. ते आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये बघावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझ्या नवऱ्याचं चाकणच्या बाजूला प्रेसशॉप आहे. लोखंडी पत्रा दाबून गाड्यांचे बारीकसारीक भाग काढायचे, मोठ्या कंपन्यांना पोचवायचे. आम्ही राहतो पिंपळे गुरवला, तो रोज तिकडे जातो. शेड उभी राहिली तेव्हापासून सगळ्यात मोठ्या प्रेसवर एकच माणूस होता, बीडकडून आलेला. मोजकं बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नवरा म्हणायचा, हा मशीनवर असला की मला झोप लागते. राहायला होता तो आमच्या सुपरवायझरच्या चाळीत. सुपरवायझर तिथल्याच गावचा, शेतकरी घरातला. जमिनी कंपन्यांत गेल्यावर त्याने खोल्या बांधल्या आणि आमच्याकडे कामाला लागला. म्हणजे या बीडच्या माणसाची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर, दोन्ही एकाच माणसाच्या मर्जीवर होतं. हे तेव्हा कुणाला खटकलं नव्हतं.

मग त्याची बायको आजारी पडली. बरेच महिने अंथरुणाला खिळली होती. गाव लांब, माणूस शिफ्टला. त्या दिवसांत कासारवाडीला स्टेशनजवळ कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमणाऱ्या बायका तिच्याकडे येऊ लागल्या. डबा आणायच्या, तिची वेणी घालायच्या, बसायच्या. ती उठली आणि त्यांच्याबरोबर जाऊ लागली. तिच्यापाठोपाठ हाही जाऊ लागला. दर रविवारी दोघं कासारवाडीला. ना चर्च ना घंटा, एका घराची बैठकीची खोली. जुन्या काळीही ख्रिस्ती असेच घराघरांत जमायचे आणि बाहेर लोक कुजबुजायचे की आत माणसाचं मांस खातात. शेडमध्ये तेवढं कुणी म्हणालं नाही. तिथे काहीतरी पाजतात, एवढंच म्हणायचे.

खंडेनवमीच्या आधी त्याने नवऱ्याला स्वतःहून सांगितलं. मशीन मी नेहमीसारखी धुऊन-पुसून लखलखीत करतो, पूजेला येतो, सगळ्यांबरोबर उभा राहतो, पण हळदकुंकू लावणार नाही आणि हात जोडणार नाही. नवऱ्याने बरं म्हटलं. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तो हसत होता, आणि मी हसले नाही. मी म्हटलं, हे वाटतं तेवढं साधं नाही. तो म्हणाला, तुझं रोम तुझ्याजवळ ठेव.

आमच्या शेडमध्ये खंडेनवमीची रीत अशी, की ज्याची मशीन त्याने तिची पूजा करायची. मी दरवर्षी ताट घेऊन जाते. ते हातोहात फिरतं, प्रत्येक जण आपापल्या मशीनला हळदकुंकू लावतो, झेंडूची माळ घालतो, नारळ फोडतो. मग मेन स्विच खाली. दसऱ्यानंतर सुरू होईपर्यंत मशीनला कुणी हात लावायचा नाही. आणि लावलेलं कुंकू कुणी पुसायचं नाही. ते आपोआप जाईल तेव्हा जाईल.

त्या वर्षी ताट मोठ्या प्रेसपाशी आलं आणि थांबलं. तो पाण्याच्या पिंपाजवळ हात मागे बांधून उभा होता. सुपरवायझरने त्याच्याकडे बघितलं, नवऱ्याने खूण केली, ताट पुढच्या मशीनकडे गेलं. माळा घातलेल्या सगळ्या मशीनींमध्ये ती एक मशीन उघडी दिसत होती, आणि जो तो दुसरीकडे बघत तिच्याकडेच बघत होता. पेढे वाटून मी लवकर निघून आले.

पुढचं मला नंतर कळलं. सगळे घरी गेले, नवरा कुलूप लावायला मागे राहिला. ती उघडी मशीन त्याला बघवेना. त्याने ताटात उरलेलं हळदकुंकू घेतलं, पाण्यात बोटं बुडवली आणि त्या प्रेसच्या उभ्या खांबांना, सहज कुणाला दिसणार नाही असं आतल्या बाजूने लावलं. दिवे बंद होते, शटर अर्धं खाली होतं. प्रेसला पुढून दोन बाजूंना दोन खांब असतात, दाराच्या चौकटीसारखे. सणाच्या दिवशी आपला हात सवयीने जातो तो चौकटीकडेच. त्या माणसाचंही काही बिघडू नये आणि मशीनचंही, एवढाच त्याचा हेतू होता, आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

पण त्या खांबांच्या आतल्या अंगाला काचेच्या पट्ट्या असतात. एका काचेतून दुसरीकडे न दिसणारे किरण जातात. मध्ये हात आला की किरण अडतात आणि प्रेस जागच्या जागी थांबते. शेडमध्ये त्याला सेन्सर म्हणतात. काच मळली तरी मशीनला वाटतं हात मध्ये आहे, आणि ती हलत नाही. मग एक किल्ली फिरवून सेन्सर बंद करता येतो, त्याला बायपास म्हणतात. बायपास करू नये असं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं.

दसऱ्यानंतर शेड सुरू झाली आणि ती प्रेस चालेना. बीडच्या माणसाने सुपरवायझरला सांगितलं, सेन्सरचं काहीतरी आहे, इलेक्ट्रिशियन बोलवा. इलेक्ट्रिशियन गावाला गेला होता, दुसऱ्या दिवशी येणार होता. माल त्याच दिवशी पोचवायचा होता. सुपरवायझरने नवऱ्याला फोन केला आणि नवरा म्हणाला, आजच्या दिवस बायपासवर चालवा. पहिल्या शिफ्टला बीडच्या माणसाने चिमट्याने पत्रा सरकवत, हात लांब ठेवत काम काढलं. जाताना दुसऱ्या शिफ्टवाल्याला बजावलं, आत हात घालू नको. दुसऱ्या शिफ्टवाला कोकणातला, त्याचं नुकतंच लग्न झालेलं. चहाच्या सुट्टीनंतर पत्रा अडकला, त्याने सवयीने हात घातला आणि त्याची दोन बोटं गेली.

सुपरवायझरने त्याला मांडीवर घेऊन पिंपरीच्या हॉस्पिटलपर्यंत नेलं. मी तिथे पोचले तेव्हा सुपरवायझरचा शर्ट रक्ताने लाल झालेला होता आणि तो भिंतीला टेकून उभा होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे तो जे वागला ते वाईट माणूस म्हणून वागला नाही. तो घाबरला होता. घाबरलेला माणूस आधी कारण शोधतो, आणि कारण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याच्या पिंपाजवळ उभं राहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये एकच वाक्य फिरू लागलं. त्याच मशीनवर झालं. बाकी काही बोलायची गरजच नव्हती. बीडच्या माणसाच्या डब्याशेजारी कुणी डबा ठेवेना. चाळीत त्याच्या बायकोला नळावर सगळ्यात शेवटचा नंबर मिळू लागला. नवऱ्याच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून मेसेज आला की या माणसाला ठेवाल तर शेडला टाळं लागेल. एका रोमन सुभेदाराकडेही ख्रिस्त्यांविरुद्ध अशीच निनावी तक्रार आली होती. त्याने बादशहाला विचारलं, काय करू? बादशहाने कळवलं की यांना मुद्दाम शोधत फिरू नकोस आणि निनावी तक्रारींकडे लक्ष देऊ नकोस, ते आपल्या काळाला शोभत नाही. पण समोर आणलेला माणूस नमला नाही, तर शिक्षा कर. वर्गात हे शिकवताना एका मुलीने विचारलं होतं, म्हणजे बादशहा चांगला होता की वाईट? मी नेहमीचं उत्तर दिलं, इतिहासात असे प्रश्न विचारायचे नसतात. त्या आठवड्यात मला त्या उत्तराची लाज वाटली.

त्याच आठवड्यात नवऱ्याने मला खरं सांगितलं. तो जेवायला बसला होता आणि जेवत नव्हता. इलेक्ट्रिशियन यायच्या आधी त्याने एकट्याने जाऊन सेन्सर बघितला होता. काच फडक्याने पुसली, फडकं लाल झालं आणि सेन्सर सुरू झाला. त्याला सगळं एका क्षणात कळलं. ते फडकं त्याने जाळून टाकलं होतं.

मी म्हटलं, उद्याच सगळ्यांना सांग. पूजा झाली होती हे सांग, बायपास तू करायला लावलास हे सांग. तो म्हणाला, बायपासचं सांगितलं तर केस होईल, शेड बंद पडेल, मग इतक्या लोकांनी खायचं काय? मी म्हटलं, आणि त्या एकट्याने? आमचं इतकं भांडण लग्नानंतर कधी झालं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, शेडमध्ये शांती करणार आहेत, मशीनची परत पूजा, एकदा ते होऊन जाऊ दे. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तितकीच कीवही येत होती. मी म्हटलं, मीही येते.

शांतीच्या दिवशी शेडमध्ये कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. बोटं गेलेला माणूस हाताला पट्टी बांधून खुर्चीवर बसला होता, त्याची बायको मागे उभी. मोठ्या प्रेसपुढे पाट, पाटावर नारळ. सुपरवायझर पुढे झाला आणि बीडच्या माणसाला म्हणाला, तुझ्या हातून फुटू दे, म्हणजे मशीन शांत होईल. त्याने मान हलवून नको म्हटलं. सुपरवायझरने समजावलं, अगदी मऊ आवाजात, घरच्या माणसाला समजवावं तसं. तुझा देव तुझ्या घरात ठेव, आम्ही काही म्हणत नाही, नारळ फोडण्यात काय जातं? त्याने परत मान हलवली. तेव्हा सुपरवायझर म्हणाला, शेवटचं विचारतो. खोली माझी आहे, हे ध्यानात ठेव.

त्या सुभेदाराची पद्धतही हीच होती. तीनदा विचारायचं, दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा शिक्षेची आठवण देऊन. हे मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. मी नवऱ्याकडे बघितलं. तो मूग गिळून उभा होता. माझ्याच्याने राहवलं नाही.

"त्या मशीनची पूजा झाली होती," मी म्हटलं. "यांनी केली, सगळे गेल्यावर. कुंकू सेन्सरच्या काचेवर लागलं, म्हणून सेन्सर अडला. आणि बायपासवर चालवायला सांगितलं तेही यांनीच. या माणसाचा काही संबंध नाही."

मला वाटलं होतं, आता लोक नवऱ्यावर तुटून पडतील. मी त्याला तयार होते. पण तसं झालं नाही. नवऱ्याने फक्त मान खाली घातली. मग सुपरवायझरच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमगल्यासारखं दिसलं.

"म्हंजी पूजा झाली," तो म्हणाला, "पर ज्याची मशीन त्याचा हात न्हाई लागला. मग ती पूजा लागंल कशी? म्हणून तर ह्ये झालं."

माना हलल्या. एकामागून एक, सगळ्यांच्या. बायपासचा शब्द जणू मी उच्चारलाच नव्हता. खुर्चीवर बसलेल्या माणसानेही मान हलवली. तेव्हा मला खरी भीती वाटली. खरं कळल्यावर सगळं सुटेल या भरवशावर मी आयुष्यभर इतिहास शिकवत होते.

बीडचा माणूस मात्र सुपरवायझरकडे बघतच नव्हता. तो नवऱ्याजवळ गेला.

"मालक, माझ्या नावानं केली?"

"तुझ्यासाठीच केली रे," नवरा म्हणाला.

"मला इचारायला पायजे होतं," तो म्हणाला. मग कुणाकडेच न बघता म्हणाला, "ते कुंकू मला दिसलं होतं. मला वाटलं, ह्यांच्यातल्याच कुणीतरी मुद्दाम लावलं. पुसावं म्हणून फडकं हातात घेतलं. पर सगळे बघत होते. मी कुंकू पुसलं असतं तर काय झालं असतं? म्हणून ठिवलं तसंच." त्याने खुर्चीवरच्या माणसाच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. "पुसायला पायजे होतं."

त्याने हातमोजे काढून पाटाच्या शेजारी ठेवले आणि बाहेर गेला. नारळ मग सुपरवायझरने फोडला.

दिवाळीच्या आत त्याने खोली रिकामी केली. त्याला जा असं कुणी म्हटलं नाही आणि राहा असंही कुणी म्हटलं नाही. नवरा त्याला दोनदा फोन करायला बसला आणि दोन्ही वेळा मोबाइल खाली ठेवला. मला कळलं ते एवढंच, की कासारवाडीच्या लोकांना त्याने सगळं सांगितलं. आपल्या नावाने पूजा झाली आणि ते कुंकू आपण भीतीने राहू दिलं, हेही सांगितलं. ते त्याला काय म्हणाले, मला माहीत नाही. जुन्या काळी बादशहाने सगळ्यांना पूजेची सक्ती केली, तेव्हा काही ख्रिस्त्यांनी आपल्या जागी दुसऱ्याला पाठवून ती उरकून घेतली होती. संकट टळल्यावर त्यांना आपल्यात परत घ्यायचं की नाही, यावर त्यांच्या मंडळींत वर्षानुवर्षं वाद चालला. पुढे राज्यच त्यांच्या हातात आलं, आणि मग जुन्या देवांपुढे धूप टाकणाऱ्यांवर तीच पाळी आली. हे मी वर्गात शिकवते तेव्हा आता माझा आवाज पूर्वीसारखा कोरडा राहत नाही.

बोटं गेलेल्या माणसाला नवऱ्याने पॅकिंगला घेतलं. बायपासची किल्ली नवरा आता स्वतःच्या खिशात ठेवतो. त्या मशीनचं नाव आमच्या घरात निघत नाही.

यंदा खंडेनवमीला मी जाणार नव्हते. नवरा म्हणाला, तू आली नाहीस तर लोकांना वेगळं वाटेल. म्हणून ताट घेऊन गेले. मोठ्या प्रेसवर आता सुपरवायझरच्या गावचा एक हौशी तरुण आहे. त्याने मशीन नवरीसारखी नटवली होती. ताट त्याच्याकडे गेलं तेव्हा त्याने पाचही बोटं कुंकवात बुडवली आणि दोन्ही खांबांना, आतून-बाहेरून, मनसोक्त ओढली. काचांवरून कुंकवाचे ओघळ खाली आले. आरती सुरू झाली.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने काच बघितली होती, मला दिसलं. तो टाळ्या वाजवत राहिला. सुपरवायझरनेही बघितली होती. खिशात किल्ली असून काय उपयोग, मेन स्विच वर गेल्यावर ती प्रेस चालणार नाही आणि परत कुणाला तरी घाई असेल. पॅकिंगवाला माझ्या बाजूलाच उभा होता, उरलेल्या बोटांनी टाळी वाजवत.

मी पुढे झाले आणि पदराने काच पुसायला लागले. कुंकू ओलं होतं, आधी पसरलं. मी पदर दुमडून परत पुसलं, मग पलीकडची काच, दोन्ही स्वच्छ होईपर्यंत. माझ्यामागे टाळ्या एकेक करून थांबत गेल्या. मी वळले तेव्हा आरती बंद पडली होती आणि सगळे माझ्या लाल झालेल्या पदराकडे बघत होते.

"मॅडम," सुपरवायझर हळूच म्हणाला, "सवाष्णीनं कुंकू पुसलं. आता काय झालं म्हंजी?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो ताटातल्या निरांजनाकडे बघत होता.